सायकलीवर परतताना : लांबच्या प्रवासाच्या तयारीचा इतिहास

#धागा

१/२०
१५ ऑक्टोबर १९२३. मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघाले. जवळजवळ साडेचार वर्षांनी, १८ मार्च १९२८ रोजी, सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास संपवून ते मुंबईत परतले, तेव्हा सहांपैकी तिघेच उरले होते : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. प्रस्थानाची तारीख इतिहासाने नोंदवली आणि आगमनाचीही. निघण्यापूर्वी माणूस काय शिकतो, काय सोबत घेतो, काय मागे ठेवतो, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. आजचा धागा त्या निघण्याआधीच्या काळाविषयी आहे.

२/२०
विषय निवडण्याचे कारण अगदी जवळचे आहे. आमच्या सोनईत, नेवासे तालुक्यात, किंबहुना साऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यात, दहावी-बारावीनंतर सुटलेली सायकल पुन्हा हाती घेणारे लोक दिसू लागले आहेत. कुणाला सायकलवारी करत पंढरपूर गाठायचे असते, कुणाला २०० किलोमीटरांची ब्रेव्हे पूर्ण करायची असते, तर कुणाला डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा दाखवलेला असतो. पहिल्या रविवारी उत्साहात साठ किलोमीटर, सोमवारी गुडघा धरलेला आणि महिन्याभरात सायकल भिंतीला टेकलेली, हा क्रम ओळखीचा आहे. या चुकांवरचे बरेचसे उपाय शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच सापडलेले आहेत.

३/२०
आरंभ सामानापासून करू. २२ एप्रिल १८८४ रोजी थॉमस स्टीव्हन्स सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. त्याची सायकल जुन्या घडणीची होती : पुढचे चाक छातीएवढे उंच, मागचे चिमुकले. सामानात काय होते? मोजे, एक जादा सदरा, एक रिव्हॉल्व्हर, आणि एक पावसाळी अंगरखा. हाच अंगरखा रात्री तंबू व्हायचा आणि अंथरूणही. एवढ्यावर त्याने अमेरिका ओलांडली, पुढे युरोप, तुर्कस्तान, इराण पाहिले, लाहोर ते कलकत्ता हा मार्ग ग्रँड ट्रंक रोडने कापला, आणि डिसेंबर १८८६ मध्ये जपानातील योकोहामा गाठले.

४/२०
एका वस्तूचे तीन उपयोग हे सूत्र आजही तसेच लागू पडते. परतणारा स्वार बहुधा उलट करतो. आधी दुकानात जातो, चार पिशव्या, तीन दिवे, दोन मोबाइल स्टँड घेतो, आणि मग सायकल चालवायला लागतो. चढावर प्रत्येक किलो आपले वजन सांगतो. म्हणून पहिल्या महिन्यात फक्त चार गोष्टींवर खर्च करावा : हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि पंक्चरचे सामान. बाकीचे काय हवे ते रस्ता स्वतः सांगतो.

५/२०
आता १८८८ हे वर्ष लक्षात ठेवा. तीन वर्षे आधी, १८८५ मध्ये, इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीने दोन्ही चाके जवळपास सारखी असलेली, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली होती. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आणि त्याच १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले. आज जगभर ठाऊक असलेल्या किर्लोस्कर उद्योगाचे मूळ तेच. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. तिथून ते सायकली पाठवत, आणि थोरले बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकत.

६/२०
रामुअण्णा सायकली विकत तसेच पैसे घेऊन सायकल चालवायलाही शिकवत. त्या शिकवणीचे पंधरा रुपये घेतले जात, असे सांगितले जाते. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. म्हणजे सायकल चालवणे ही पैसे मोजून, गुरूकडून शिकण्याची विद्या मानली जाई. आज आपण म्हणतो, ‘एकदा आली की सायकल विसरत नाही.’ हे तोलापुरते खरे आहे. तोल शरीर विसरत नाही. पण बैठकीची हाडे, तळहात, मान आणि गुडघे मात्र सगळे विसरून गेलेले असतात. त्यांना नव्याने शिकवावे लागते, आणि ती शिकवणी पंधरा रुपयांत होत नाही. तिला आठवडे लागतात.

७/२०
पहिला धडा सीटचा. सीट किती उंच असावी? सायकलीवर बसा, पेडल सर्वांत खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग पायाचा चवडा पेडलवर आणला की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडे लहानपणापासून सीट खाली ठेवण्याची सवय असते, कारण थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे असतात. गावातल्या गावात ते चालून जाते. शंभर किलोमीटरांत मात्र तेच गुडघ्याला महागात पडते. आणि गादीसारखे मऊ सीट शोधू नका. पहिल्या तासाला ते सुखाचे वाटते, चौथ्या तासाला तेच टोचू लागते.

८/२०
आता काट्यांकडे वळू. १८९७ च्या अखेरीस फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकी दांपत्य सायकलींसह हिंदुस्थानात आले. त्यांच्या १९०४ च्या ग्रंथाच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. विषय होता या देशातील मंदिरे आणि माणसे. या प्रवासात एकेका दिवशी चाळीसपर्यंत पंक्चर काढण्याची वेळ त्यांच्यावर आली. दख्खनच्या रस्त्याकडेच्या बाभळी आणि उन्हाळ्यात वाळून पडलेले सराटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या आकड्याचे आश्चर्य वाटणार नाही.

९/२०
वर्कमन दांपत्याला वाटेत पंक्चरवाला मिळण्याची सोय नव्हती. मधल्या शंभर वर्षांत ती गावोगावी झाली : घमेलेभर पाणी, त्यात बुडवलेली ट्यूब, बुडबुड्यांवरून सापडलेले छिद्र, कानशीने घासणे, सोल्युशन आणि ठिगळ. आता ही दुकाने पुन्हा विरळ होत चालली आहेत, आणि उरली आहेत त्यांतली कित्येक फक्त मोटारसायकलींची कामे करतात. म्हणून परतणाऱ्याने घरी, निवांत दुपारी, स्वतःच्या हाताने किमान तीन वेळा ट्यूब काढून बसवून पाहावी. आणि बसवण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढावा. तो राहिला, तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

१०/२०
अडगळीतली जुनी सायकल बाहेर काढणार असाल तर ओव्हरहॉलिंग अटळ आहे. चाकाचा आउट काढून घ्या, बेअरिंगमधले जुने ग्रीस धुऊन नवे भरा, फ्रीव्हीलचे कुत्रे नीट धरतात का ते पाहा, ब्रेकचे रबर कडक झाले असतील तर बदला. वरून धड दिसणारा टायरही वर्षानुवर्षे उभा राहून बाजूने तडकलेला असतो. साधी काळी सायकल लांबच्या प्रवासाला चालत नाही, हा गैरसमज मनातून काढून टाका. तो का काढावा, याचे उत्तर थोड्याच वेळात येईल.

११/२०
आता या धाग्याच्या गाभ्याकडे येऊ. सप्टेंबर १८९१ मध्ये पिएर जिफार या पत्रकाराने पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत भरवली. दोनशेहून अधिक स्वार निघाले, पण सुमारे निम्मेच शेवटापर्यंत पोचले. विजेता शार्ल तेराँ ७१ तासांहून थोड्या अधिक वेळात, न झोपता परतला. त्याच्या सायकलीला मिशलँचे काढता-घालता येणारे नवे टायर होते, म्हणजे त्याचा विजय काही अंशी पंक्चर लवकर काढण्याचाही विजय होता. पुढे १९१० मध्ये लुई द्युराँ या मिठाईवाल्याने या शर्यतीवरून चाकाच्या आकाराची ‘पॅरिस-ब्रेस्त’ मिठाई केली. ती आजही मिळते.

१२/२०
शर्यतीपेक्षा महत्त्वाची घटना १८९७ ची आहे. इटलीत बारा स्वार रोमहून नेपल्सला निघाले. अंतर २३० किलोमीटर, आणि अट एकच : सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात पोचायचे. पहिला कोण, हा प्रश्नच नव्हता. यातून ‘ऑडॅक्स’ हे नाव आले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ साहसी. १९०४ मध्ये आंरी देग्रांज याने, ज्याने आदल्या वर्षी टूर द फ्रान्स सुरू केली होती, फ्रान्समध्ये २०० किलोमीटरांचे ‘ब्रेव्हे’, म्हणजे प्रमाणपत्र, देण्यास प्रारंभ केला. सायकलिंगच्या इतिहासात सामान्य माणसाला लांब पल्ल्याचे दार उघडले ते इथे.

१३/२०
कालांतराने या ब्रेव्हेची एक शिडी तयार झाली. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. एका हंगामात या चारही पायऱ्या चढणाऱ्यास ‘सुपर रँडोनर’ म्हणतात. आज मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथे हेच नियम चालतात. जरा हिशेब करा : साडेतेरा तासांत २०० म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरांहूनही कमी, आणि त्यात जेवण, पंक्चर, चहा सगळे आले. हा वेग कोणताही निरोगी माणूस गाठू शकतो. अवघड आहे तो तेरा तास टिकवणे, आणि ते टिकवण्यासाठी पायरी न गाळता चढावे लागते.

१४/२०
ही शिडी सोनईच्या रस्त्यांवर उतरवून पाहू. पहिले तीन आठवडे दिवसाआड दहा-पंधरा किलोमीटर. शनिशिंगणापूरला जाऊन येणे पुरेसे आहे. वेग इतकाच की शेजाऱ्याशी बोलता यावे. पुढे आठवड्यातून एकच लांबची फेरी, ती नेवाशापर्यंत वाढवत न्या. तीन आठवडे अंतर वाढवले की चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवा. शरीर सुधारते ते या विश्रांतीत. तिसऱ्या महिन्यात नगरला जाऊन परत, म्हणजे ऐंशीच्या आसपास. २०० च्या दोन-तीन आठवडे आधी एकदा सव्वाशे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब वा मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

१५/२०
आता १९२३ च्या सहा जणांकडे परत जाऊ. ते बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सदस्य होते, म्हणजे शक्तीची उणीव मुळीच नव्हती. बगदाद ते अलेप्पो हे साडेनऊशे किलोमीटरांचे वाळवंट त्यांनी २३ दिवसांत ओलांडले. तरीही तिघे गळाले. नरिमन कपाडिया खासगी कारणांमुळे तेहरानहून परतले. गुस्ताद हाथीराम अमेरिकेतच स्थायिक झाले. केकी पोचखानावाला तिथून माघारी फिरले. ही तिन्ही कारणे पाहिली की लक्षात येते, स्नायूंच्या बळावर हा प्रश्न सुटणारा नव्हता. घर, सोबत आणि मन यांचीही तयारी लागते. परतणाऱ्या स्वारासाठी याचा साधा अर्थ असा : आपल्या वेगाचा एक सोबती शोधा, आणि रविवारची सकाळ घरच्यांशी बोलून ठरवा.

१६/२०
मराठी मुलखातील दुसरे उदाहरण आपल्या आई-वडिलांच्या आठवणीतले आहे. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे यांची ‘भारत जोडो’ यात्रा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होते, अंतर पाच हजार किलोमीटरांचे होते. बाबांनी सत्तरी ओलांडली होती. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसणेही अशक्य असे, म्हणून ते सोबतच्या वाहनात आडवे होऊन प्रवास करत. १९८८ मध्ये दुसरी यात्रा इटानगरहून गुजरातेतील ओख्याला गेली. हे स्वार व्यावसायिक खेळाडू नव्हते, आणि गिअरच्या कार्बन सायकली त्या काळात आपल्याकडे कुणी पाहिल्याही नव्हत्या. दहाव्या भागातील प्रश्नाचे उत्तर हे आहे.

१७/२०
मग सायकल सुटली का? याचे उत्तर सामाजिक इतिहासात आहे. किर्लोस्करांच्या काळात ती श्रीमंतांची चैन होती. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले आणि ती शिक्षकाची, पोस्टमनची, गवळ्याची, कारखान्यातील कामगाराची झाली. पुण्यास तर सायकलींचे शहर म्हणत. तासाच्या भाड्याने सायकल घेऊन तिच्या नळीखालून पाय घालून शिकलेली एक पिढी गावोगावी आहे. पुढे मोपेड आणि मोटारसायकल आली, आणि सायकल ही ‘अजून जमले नाही’ याची खूण ठरली. म्हणूनच चाळिशीतला माणूस पुन्हा सायकलीवर बसतो तेव्हा रस्त्यावरचा पहिला प्रश्न असतो, ‘गाडी बिघडली का?’ या प्रश्नाला हसून पुढे जाता येणे, हाही तयारीचाच भाग आहे.

१८/२०
परतण्यास उशीर झाला असे वाटत असेल तर रोबेर मार्शाँ यांचे चरित्र पाहा. जन्म १९११, फ्रान्स. तरुणपणी शर्यती केल्या, मग सायकल सुटली, आणि सत्तरी जवळ आल्यावर पुन्हा हाती आली. १०० वर्षांच्या वयात त्यांनी एका तासात २४ किलोमीटरांहून अधिक अंतर कापले, आणि दोन वर्षांनी, १०२ व्या वर्षी, जवळपास २७. म्हणजे वय वाढले आणि वेगही वाढला. शास्त्रज्ञ वेरोनिक बिला यांनी त्यांच्या सरावाचा अभ्यास केला. त्यातील सुमारे ८० टक्के सराव हलका होता, फक्त २० टक्के जोराचा. आपण नेमके उलटे करतो. रोजच जोर लावतो आणि तिसऱ्या आठवड्यात थकून सोडून देतो.

१९/२०
आता आपल्या भागाची एक खास अडचण. सायकलीसाठी उत्तम हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि साखर कारखान्यांच्या गाळपाचा हंगामही तोच. सोनईच्या मुळा कारखान्याचा परिसर असो वा जिल्ह्यातील इतर कारखान्यांचा, पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, बाहेर आलेले ऊस बाजूला लोंबत असतात, आणि सांडलेल्या उसावरून चाक घसरते. म्हणून उजाडल्यावरच निघा, परावर्तक जाकीट घाला, ट्रॉलीला ओव्हरटेक करताना पुढची दुसरी ट्रॉली गृहीत धरा. अनोळखी रस्त्यावर रात्री जायचेच असेल तर एकटे जाऊ नका. आणि तहान लागण्यापूर्वी पाणी, भूक लागण्यापूर्वी खाणे. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, केळी, शेंगदाणे आणि आपल्याच भागातला गूळ. यापलीकडे पहिल्या २०० किलोमीटरांना फारसे काही लागत नाही.

२०/२०
आज आपल्याकडे नवी नावे आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विशीच्या उंबरठ्यावर सुमारे २९,००० किलोमीटरांची जगफेरी १५९ दिवसांत केली. त्यांचे विक्रम नोंदले गेले, हे योग्यच आहे.

पण तुमच्या गावात भाड्याने सायकल देणारे दुकान कुठे होते? तासाचा दर काय होता? पंक्चर काढणारे आजोबा कोण? पंढरपूरला किंवा पैठणला सायकलीवर कोण गेले होते, आणि सोबत काय बांधून नेले होते? ही माहिती कोणत्याही दप्तरात नाही, ती माणसांपाशी आहे. पुढच्या रविवारी सायकल काढलीत, तर वाटेत एखाद्या पारावर थांबून विचारा, आणि जे कळेल ते खाली लिहा. पुढचा धागा त्या उत्तरांवरच लिहिण्याचा मानस आहे.